जगबुडीनंतरची कॉमिक मालिका: दुसऱ्या पर्वात पात्रांची पूर्वकथा कशी बांधायची

पहिल्या सहा अंकांत वाचक जग बघायला येतो. मोडलेले पूल, गंजलेल्या गाड्या, ओस पडलेली रुग्णालयं, पाण्याच्या एका कॅनवरून होणारी मारामारी. सातव्या अंकापासून याच पडक्या भिंती त्याच्या सवयीच्या होतात आणि तो माणसांकडे बघू लागतो. ही बाई इतकी तुटक का बोलते? हा म्हातारा दर वेळी दाराशीच का झोपतो? इथे बऱ्याच मालिका घसरतात. आठवा अंक अख्खाच्या अख्खा भूतकाळात जातो, २२ पानं नायिकेचं बालपण, नोकरी, मग संकटाचा दिवस, आणि नवव्या अंकात गोष्ट जिथे सोडली होती तिथूनच पुन्हा सुरू होते. वाचकाला माहिती मिळते, गोष्ट मात्र तसूभरही हलत नाही.

खाली दिलेली कृती दुसऱ्या पर्वासाठी आहे. अंक ७ ते १२, प्रत्येकी २२ पानं, म्हणजे १३२ पानं. त्यातली १८ ते २० पानं भूतकाळाला द्यायची, जास्त नाही. कसोटी एकच, पण ती प्रत्येक ठिकाणी लावायची: भूतकाळातली एखादी गोष्ट उघड झाल्यावर वर्तमानातला कुणाचा तरी निर्णय बदलला पाहिजे. नाही बदलला, तर ते पान लेखकाच्या वहीत राहू द्या.

उदाहरणाला तीन पात्रं घेऊ. मीरा, वय ४१, एका वस्तीच्या पाण्याची राखण करते. बंटी, वय १९, तिने वाढवलेला. अण्णा, वय ६८, जगबुडीनंतर पाचव्या वर्षी वस्तीत आलेला. गोष्ट जगबुडीनंतर १७ वर्षांनी घडते.

आधी वयांचा हिशेब

एका कागदावर शून्य दिवस, म्हणजे जगबुडीचा दिवस, ठरवा. तारीख नको, ऋतू आणि दिवसाची वेळ पुरे. मग प्रत्येक पात्रापुढे दोन आकडे लिहा: आजचं वय आणि शून्य दिवशीचं वय. मीरा ४१ आणि २४. बंटी १९ आणि २. अण्णा ६८ आणि ५१.

एवढ्यावरच अर्ध्या चुका पकडल्या जातात. माणसाला साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही. म्हणजे १७ वर्षांनंतरच्या जगात विशीच्या आतल्या कुणालाच जुनं जग प्रत्यक्ष आठवणार नाही. त्यांच्याकडे आहेत त्या ऐकीव गोष्टी. बंटी म्हणाला की "मला आईचा चेहरा आठवतो", तर एक तर तो खोटं बोलतोय, किंवा कुणीतरी दाखवलेल्या फोटोला तो आठवण समजतोय. लेखकाच्या नजरचुकीने असं वाक्य गेलं तर ती चूक. जाणूनबुजून घातलं, तर अख्ख्या पर्वाचा धागा हाती लागतो. आपण तो इथे वापरणार आहोत.

पिढ्यांची भाषाही याच आकड्यांवरून ठरते. अण्णा "रविवार" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात सुट्टी असते. बंटीसाठी रविवार म्हणजे टाकी घासायचा दिवस. काळ्या काचेच्या कुठल्याही चपट्या तुकड्याला तो मोबाईल म्हणतो आणि त्यात बघून दाढी करतो. असे पाच-सहा शब्द ठरवा आणि बारीक यादी करून ठेवा. दहापेक्षा जास्त केलेत तर वाचकाला शब्दकोश लागेल.

शरीराचाही हिशेब करा. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. मीराला दाबमापकाचा काटा नीट वाचता येत नाही आणि ती ते लपवते, हे तिच्या वयातून फुकट मिळालेलं दृश्य आहे.

कुठली वस्तू कधी निकामी झाली

पूर्वकथा म्हणजे तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात, तिसऱ्या वर्षी त्या माणसापुढे कोणते पर्याय होते याची नोंद. आणि पर्याय वस्तूंवर ठरतात. ही तपासणी न करता लिहिलेली पूर्वकथा बघता बघता खोटी वाटायला लागते.

पेट्रोल साध्या साठवणीत सहा महिने ते वर्षभरात बिघडतं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर आणखी लवकर, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डिझेलचीही मुदत साधारण तेवढीच, आणि तळाशी पाणी साठलं की त्यात जंतूंची बुळबुळीत वाढ होऊन फिल्टर तुंबतो. म्हणून दहाव्या वर्षी जुन्या पेट्रोलवर मोटारसायकल उडवणारा नायक चालत नाही. त्याला गाडी हवीच असेल तर जुन्या डिझेल इंजिनात वनस्पती तेल घाला, नाही तर लाकडाच्या वायूवर चालवा. दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई होती तेव्हा युरोपात लाखो गाड्या अशा वायूवर धावत होत्या. गाडीच्या पाठीला बांधलेली ती अवजड भट्टी चित्रात झकास दिसते आणि पात्राला दर काही अंतरावर लाकूडफाट्यासाठी थांबावं लागतं, म्हणजे प्रसंगही आपोआप मिळतात.

गाडीची शिशाची बॅटरी न वापरता पडून राहिली तर वर्षभरात कामातून जाते. टायर उभ्या उभ्या सहा ते दहा वर्षांत चिरतात. सोलर पॅनेल मात्र २०-२५ वर्षांनंतरही बऱ्यापैकी वीज देतात, आधी मरतात ते इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या. म्हणजे सतराव्या वर्षी दिवसा चालणारा पंप पटतो, रात्रीचा दिवा पटत नाही. पातळ ब्लीच वर्षभरात जोर गमावतं. डबाबंद अन्न डबा फुगला-गंजला नसेल तर वर्षानुवर्षं टिकतं, पण टोमॅटोसारखे आंबट पदार्थ डबा आतून खातात.

औषधांच्या तारखा सगळ्यात क्रूर. फ्रिजबाहेर इन्सुलिन साधारण चार आठवडे भरवशाचं. एखाद्या पात्राचा भाऊ लहानपणापासून इन्सुलिनवर असेल, तर वीज गेल्यापासून त्याचा शेवट कधी आला हे लेखकाला ठरवावं लागत नाही, ते ठरलेलंच आहे. ते पात्र आजही कुठलाही बंद फ्रिज दिसला की उघडून बघतं, एवढंच काढा.

संकटाचा प्रकारही स्पष्ट ठेवा. साथीत माणसं जातात आणि सामान उरतं. दुष्काळात माणसं उरतात, सामान संपतं. या दोन जगांतल्या वाचलेल्या माणसांची अपराधी भावना वेगळी असते. अणुयुद्ध असेल तर किरणोत्सारी धुळीचा ढोबळ नियम पाठ ठेवा: वेळ सातपट झाली की मारा दहा पटींनी घटतो. स्फोटानंतरच्या पहिल्या तासाच्या मानाने सात तासांनी एक दशांश, ४९ तासांनी एक शतांश, दोन आठवड्यांनी एक सहस्रांश. तळघरातून दुसऱ्या दिवशी बाहेर पडलेला आणि चौदाव्या दिवशी बाहेर पडलेला, या दोघांच्या पूर्वकथा एकाच मापाने लिहिता येत नाहीत.

पात्राचा सहा ओळींचा कागद

जन्मगाव, आवडता रंग, आईवडिलांचा व्यवसाय असली लांबलचक प्रश्नावली भरू नका. तिच्यातलं बहुतेक काही पानावर येत नाही. प्रत्येक मुख्य पात्रासाठी फक्त सहा उत्तरं लिहा: त्या दिवशी हातात काय होतं, कुणाची वाट बघितली आणि किती वेळ, स्वतःच्या नजरेत उतरावं असं पहिलं कृत्य कोणतं, ते आणखी कुणाला ठाऊक आहे, त्याबद्दल हा माणूस काय सांगतो, आणि त्यातून अंगात मुरलेली सवय कोणती.

पहिला प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण खोलात नेतो. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरातली सुमारे ४९ हजार माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी बसमध्ये बसवून हलवली. तीन दिवसांसाठी जायचंय, कागदपत्रं आणि गरजेपुरतं सामान घ्या, असं त्यांना सांगितलं होतं. ते शहर पुन्हा वसलं नाही. तीन दिवसांसाठी भरलेली पिशवी जन्मभर पुरवायची, ही कल्पना तुमच्या प्रत्येक पात्राला लावून बघा. कुणी शाळेचे दाखले घेईल, कुणी इस्त्रीचे कपडे, कुणी कुलपाची किल्ली घेईल आणि ते दारच पुन्हा दिसणार नाही.

मीराचा कागद असा. हातात: जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकाची किल्ली, ती तिथे प्रयोगशाळेत सहायक होती. वाट बघितली: वरिष्ठांची, चार दिवस. कृत्य: चौथ्या दिवशी जनरेटरचं डिझेल संपत आलं तेव्हा फाटकाबाहेर आलेल्या १९ माणसांना आत घेतलं नाही. ठाऊक कुणाला: अण्णाला, कारण तो त्या १९ जणांत होता. ती काय सांगते: लुटारू आले होते. सवय: मोजणं. ताटं, माणसं, पावलं, सगळं दोनदा मोजते.

चौथी ओळ कधीच रिकामी सोडू नका. गुपित एकट्यालाच ठाऊक असेल तर ते बाहेर काढायला त्या पात्राला कुणापुढे तरी रडत भाषण करावं लागतं. दुसरं कुणी साक्षीदार असेल तर गुपित दोघांच्या वागण्यातून झिरपतं. अण्णा मीराच्या हातून पाणी घेत नाही, स्वतःचं स्वतः भरून घेतो. वाचकाला कारण कळायला तीन अंक जातील, पण नोंद लगेच होते.

जुने सहा अंक पुन्हा वाचा

नवं काही लिहिण्याआधी हे काम. पहिल्या सहा अंकांतली भूतकाळाशी जोडलेली प्रत्येक ओळ आणि प्रत्येक चित्र वहीत उतरवा, अंक-पान-चौकट क्रमांकासह, आणि तीन रकाने करा. पहिल्यात निवेदनपट्टीने, म्हणजे चौकटीतल्या निवेदकाच्या मजकुराने, ठामपणे सांगितलेलं. ते बदलायचं नाही. दुसऱ्यात पात्राच्या तोंडचं. ते खोटं किंवा अर्धवट ठरू शकतं, म्हणून इथे मोकळीक आहे. तिसऱ्यात चित्रकाराने सहज काढून ठेवलेलं: मनगटावरचा पांढरा पट्टा, भिंतीवरचा फोटो, पायातले दोन वेगळे बूट.

खरी लॉटरी तिसऱ्या रकान्यात लागते. दुसऱ्या अंकात मीरा जेवणाआधी ताटं मोजताना दिसली असेल, तेव्हा चित्रकाराने हातांना काहीतरी काम म्हणून ते काढलं असेल. आता तेच तिच्या कागदावरच्या सहाव्या ओळीत बसवा. वाचक मागचे अंक काढून बघतो आणि त्याला वाटतं, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. त्याचा तो समज मोडू नका.

पानांची वाटणी

अंक ७ मध्ये भूतकाळाचं एकही पान नाही. फक्त खुणा: मीराचं मोजणं, अण्णाचं स्वतः पाणी भरणं, बंटीच्या खिशातला फोटो. अंक ८ ला २ पानं, त्यात मीराने बंटीला सांगितलेली लुटारूंची हकीकत. अंक ९ ला ४ पानं, फाटकाबाहेर खरं कोण होतं. अंक १० ला ५ पानं, तोच प्रसंग अण्णाच्या बाजूने. अंक ११ ला ३ पानं, फोटोची गोष्ट. अंक १२ ला ५ पानं. बेरीज १९.

आता प्रत्येक अंकापुढे निर्णय लिहा. आठव्यात बंटी लुटारूंची गोष्ट खरी मानून दुसऱ्या चौकीवरून एका कुटुंबाला हाकलतो. नवव्यात मीरा पहिल्यांदा फाटक उघडते. दहाव्यात अण्णा सगळ्यांसमोर किल्ली मागतो. अकराव्यात बंटी वस्ती सोडतो. बाराव्यात किल्ली कुणाकडे, यावर वस्ती हात वर करून कौल देते. एखाद्या अंकापुढे "मीराचं दुःख वाचकाला समजतं" असं काहीतरी लिहिलं गेलं, तर तो निर्णय नव्हे. तिथे अजून घटना सापडलेली नाही.

खोट्या हकीकतीबद्दल एक धोका आहे आणि तो मोठा आहे. वाचक संवादाच्या फुग्यातल्या शब्दांवर शंका घेतो, चौकटीतल्या चित्रावर घेत नाही. आठव्या अंकात लुटारू चितारले आणि नवव्यात "ते खोटं होतं" म्हटलं, तर वाचकाला फसवल्यासारखं होतं. म्हणून खोट्या चित्रातच एक खोट ठेवा. मीरा ती गोष्ट आज रचते आहे, म्हणून तिच्या मनासमोर आजचं कुलूप आहे: आठव्या अंकातल्या भूतकाळात कुलूप गंजलेलं काढा. नवव्या अंकातल्या खऱ्या प्रसंगात तेच कुलूप नवंकोरं, चकचकीत. कुणी बोट दाखवायचं नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

एक पान जवळून

छापील अंकात पहिलं पान उजवीकडे येतं, म्हणून विषम पानं उजवीकडे आणि सम पानं डावीकडे. धक्का सम पानावर ठेवायचा, म्हणजे पान उलटल्यावरच तो दिसतो. प्रश्न आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत. अंक ९, पान १५ चा आराखडा असा:

चौकट १, रुंद. रात्र, पाऊस. फाटकाबाहेर चार आकृत्या आणि एक हातगाडी.
चौकट २. बंटीचा हात कडीकडे. बंटी: "मावशी, लहान पोर आहे त्यांच्यात."
चौकट ३. मीराचा हात गंजलेल्या कुलपावर. शब्द नाहीत.
चौकट ४. तोच कोन, तेवढीच चौकट. चोवीस वर्षांच्या मीराचा हात, मनगटावर घड्याळ, नवं कुलूप. शब्द नाहीत.
चौकट ५. आज. मीराचा चेहरा, पाऊस. मीरा: "किती जण आहेत?"
चौकट ६. लहान चौकट. बंटी: "चार." मीरा: "परत मोज, बंट्या."

पान १६, पूर्ण पानाचं एकच चित्र: सतरा वर्षांपूर्वीचं फाटक, गजांना धरून उभी असलेली १९ माणसं. चित्रकाराने खरोखर १९ काढावीत, कारण वाचक मोजणार. एकीच्या कडेवर दोन वर्षांचं मूल.

इथे सगळा भार चौकट ३ आणि ४ वर आहे. हात, कोन, अंतर, कुलपाची जागा तंतोतंत जुळली तर "सतरा वर्षांपूर्वी" अशी पट्टी लागत नाही. जुळली नाही तर वाचक अडखळतो आणि मग पट्टी घालून सारवासारव करावी लागते. चौकट ४ वेगळी न काढता चौकट ३ चं कच्चं रेखाटन खाली ठेवून त्यावरच काढा.

मोबाईलवर खाली सरकवत वाचायची मालिका असेल तर पान उलटण्याची सोय नाही. तिथे चौकट ६ नंतर एक पडदाभर कोरी काळी जागा सोडा. बोटाला लागणारा तो वेळच पान उलटण्याचं काम करतो.

भूतकाळाची चित्रभाषा

भूतकाळासाठी तपकिरी छटा वापरायची सवय सोडा. ती जुन्या फोटोची खूण आहे, आणि या कथांमध्ये तर वर्तमानच धुळकट तपकिरी असतो. उलट विचार करा: आज नसलेला रंग कोणता? सतराव्या वर्षी रात्री दिवे नाहीत, म्हणून ट्यूबलाइटचा निळसर पांढरा उजेड फक्त भूतकाळात दिसू द्या. कृष्णधवल मालिकेत वर्तमानाला काळे भरीव भाग द्या आणि भूतकाळ नुसत्या रेषेत ठेवा. चौकटीची बाह्यरेषा काढून टाकणं हाही चांगला मार्ग. यातली एकच खूण निवडा आणि शेवटपर्यंत पाळा. गोल कोपरे, फिकट रंग आणि अक्षरांचा वेगळा ठसा हे सगळं एकदम लादलं की पान लग्नपत्रिकेसारखं दिसतं.

भूतकाळ कुणाच्या डोळ्यांनी दिसतोय हे ठरवा आणि त्याला जे दिसू शकत नव्हतं ते काढू नका. मीरा फाटकाच्या आत होती. तिच्या आठवणीत बाहेरच्यांच्या पाठी येणार नाहीत. अण्णाच्या आठवणीत मीराचा चेहरा गजांमधून तुकड्यातुकड्यांत दिसेल. म्हणून दहावा अंक नवव्याची पुनरावृत्ती होत नाही. तपशीलही हलू द्या: मीराला १९ माणसं आठवतात आणि स्वतः गप्प उभी असल्याचं आठवतं. अण्णाला दहा-बारा जण आठवतात, आणि फाटकाआडची पोरगी हमसून रडत होती हे आठवतं. दोघांपैकी खरं कुणाचं, याचा निकाल निवेदनपट्टीत देऊ नका. पण दोन्हीकडे न बदलणाऱ्या निदान तीन गोष्टी ठेवा, इथे पाऊस, नवं कुलूप आणि कडेवरचं मूल. नाहीतर तो एकच प्रसंग आहे हे वाचकाला ओळखू येणार नाही.

मधली वर्षं दाखवायची असतील तर झाडांचा उपयोग करा. एकच जागा ठरवा, समजा केंद्राचं अंगण. पहिल्या वर्षी फरशीच्या भेगांत गवत, पाचव्या वर्षी कमरेइतकी झुडपं, सतराव्या वर्षी फरशी उचलून धरणारं झाड. झाडाची उंची बघून वाचक साल ओळखतो.

फुगे आणि अक्षरं

देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं. ओळींमधलं अंतर जास्त लागतं, म्हणून फुगाही मोठा होतो. एका फुग्यात १५ ते १८ शब्द, एका चौकटीत ३० पर्यंत, एका पानावर १२० ते १५०. भूतकाळाच्या पानांवर याच्या निम्मे. आठवणींवर निवेदनाची पट्टी चढवायचा मोह फार होतो, आणि चित्रात दिसतंय तेच पट्टीत लिहिलं जातं. "त्या रात्री पाऊस पडत होता" ही पट्टी पावसाच्या चित्रावर असेल तर खोडा. पट्टी हवीच असेल तर तिने चित्राशी भांडावं: चित्रात १९ माणसं आणि पट्टीत मीराचा आवाज, "दोघं-तिघं होते."

तिरपा देवनागरी ठसा डोळ्याला खुपतो. आठवणीतला आवाज वेगळा दाखवायला पट्टीचा रंग बदला, अक्षराची ठेवण तीच राहू द्या.

चित्रकाराचे तक्ते

प्रत्येक मुख्य पात्राचे तीन तक्ते करा: शून्य दिवस, मधला टप्पा, आज. प्रत्येकात समोरून, बाजूने, पाठीमागून, आणि हातांचं वेगळं रेखाटन. सोबत व्रणांची यादी: कुठल्या बाजूला, कुठल्या वर्षी, कशामुळे. ताजा व्रण लालसर आणि उंच असतो, काही वर्षांनी फिकट आणि सपाट होतो, म्हणून पाचव्या वर्षीच्या प्रसंगात सतराव्या वर्षाचा व्रण उचलून चिकटवू नका.

इथे सर्वांत जास्त घडणारी चूक डाव्या-उजव्याची. संगणकावर काढताना प्रमाण तपासायला चित्र आरशातल्यासारखं उलटं करतात, परत सरळ करायला विसरतात, आणि डाव्या भुवईवरचा व्रण उजवीकडे जातो. छपाईआधी कुणीतरी एकाने फक्त व्रण, केसांचा भांग आणि घड्याळाचा हात एवढंच बघत सगळी पानं चाळावीत.

कपड्यांत कापडाच्या आधी चेन जाते, मग बटणं. सतराव्या वर्षीच्या जॅकेटला नाड्या बांधा. सगळ्यांना चामड्याचे पट्टे आणि खांद्यावर टायरचे तुकडे बसवायचा सोस असेल तर आवरा. त्यात पात्रं एकमेकांसारखी दिसतात. नुसत्या काळ्या छायेवरून मीरा, बंटी आणि अण्णा ओळखू येतात का, ते बघा.

दुय्यम पात्रांना एवढा खटाटोप नको. एक वस्तू, एक सवय, आणि मुख्य पात्राशी एक जुना हिशेब, बास. खलनायकाला मात्र पूर्ण सहा ओळींचा कागद द्या. त्याच्या भूतकाळाने त्याला माफी मिळायला नको, फक्त त्याचा पुढचा डाव आधीच्या अनुभवातून आलेला दिसायला हवा.

छपाईआधी तीन तपासण्या

पहिली: सगळे फुगे झाकून १९ भूतकाळाची पानं मालिका न वाचलेल्या माणसाला दाखवा. कोण, कुठे, आधी की नंतर, एवढं त्याने सांगितलं पाहिजे. तो चुकला तर खूण बदला, पट्टी वाढवू नका.

दुसरी: भूतकाळाची पानं काढून अंक सलग वाचा. एखाद्या अंकात काहीच अडलं नाही, तर त्या अंकातली पानं भरतीची आहेत. अकराव्यात हे हमखास होतं, कारण फोटोची गोष्ट हळवी असते आणि लेखकाला ती सोडवत नाही. बंटीला फोटोचं सत्य कळतं, म्हणजे ती बाई त्याची आई नसून मीराच्या सहकाऱ्याच्या कपाटातला कुणाचा तरी फोटो आहे हे कळतं, त्याच पानावर त्याने काहीतरी करायला हवं. पुढच्या पानावर ढकललंत की तीन पानं नुसता पाऊस आणि पाठमोरी माणसं उरतात.

तिसरी: वयांचा कागद पुन्हा काढा आणि प्रत्येक संवादातली "तेव्हा", "लहानपणी", "दहा वर्षांपूर्वी" ही वाक्यं त्याच्याशी ताडून बघा. पर्व लिहिताना गोष्टीतले काही महिने उलटलेले असतात, बंटी कदाचित वीस वर्षांचा झालेला असतो, आणि मीरा अजूनही त्याला एकोणीसच म्हणत असते. ती मोजणारी बाई आहे. तिच्या तोंडी हा आकडा चुकला, तर वाचक ती छपाईची चूक मानणार नाही, खूण समजेल आणि पुढचे सहा अंक तिचा अर्थ शोधत बसेल.